रोशाचे तेल आणि नीलगिरीची बाटली

भाद्रपद सरून आश्विन लागला की सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, शिरपूर, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यांत, उघड्या आणि खडकाळ जागी एक उंच गवत फुलोऱ्यावर येते. त्याचा तुरा पिकता पिकता तांबूस होतो. तुरा हातावर चोळून नाकाशी धरला असता गुलाबाची आठवण करून देणारा गोड वास येतो. हेच रोशा गवत होय. काही ठिकाणी त्यास तिखाडी म्हणतात. संस्कृत ग्रंथांत रोहिष हे नाव आढळते. या गवतापासून निघणारे तेल एके काळी खानदेशाच्या नावावर दूरदेशी विकले जात असे, ही गोष्ट आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नाही.

त्याच कुटुंबांच्या घरात मात्र नीलगिरीच्या तेलाची लहान बाटली हमखास असते. पडसे झाले, डोके दुखले, गुडघा धरला की तिचे बूच निघते. नीलगिरी व रोशा ही दोन्ही तेले एकाच जातीची आहेत. शेंगदाण्याच्या वा तिळाच्या तेलाप्रमाणे ती बी पिळून काढीत नाहीत. पान किंवा तुरा पाण्याच्या वाफेवर उकळून, ती वाफ थंड करून मिळवितात. अशा तेलास उडनशील तेल म्हणतात. पुष्कळ पाल्याचा अर्क एका बाटलीत उतरलेला असल्याने त्याची शक्ती फार असते. सबब त्याचा वापर थेंबांच्या हिशेबानेच केला पाहिजे.

खानदेशाचे जुने तेल

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरील खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी जळगाव, धुळे व नंदुरबार हा सारा मुलूख एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पुढे तेच जळगाव व धुळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. रोशाच्या भट्ट्यांचा उल्लेख पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा व अक्राणी या भागांत येतो.

भट्टी नेहमी ओढ्याच्या काठी लावीत, कारण वाफ थंड करण्यास वाहते पाणी लागे. फुलोऱ्यावरचे गवत विळ्याने कापून त्याच्या लहान पेंढ्या बांधीत. लोखंडी वा तांब्याच्या मोठ्या भांड्यात त्या दाबून भरून पाणी घालीत, झाकणाच्या सांधी लिंपून बंद करीत आणि खाली जाळ करीत. वाफ पोकळ बांबूच्या नळीतून ओढ्याच्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरे. तेथे ती निवली की खाली पाणी व वर तेलाचा पिवळसर थर जमे. भांड्यातील पाणी आटून गवत बुडाशी करपले तर साऱ्या तेलास जळका वास लागे. ज्याला जाळ राखता येई त्याचेच तेल चांगले, असा हा धंदा होता.

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कुंडाईबारीच्या घाटाने सुरतेस, किंवा गाड्यांनी मनमाडपर्यंत व तेथून रेल्वेने मुंबईस जाई. मुंबईहून ते गलबतांनी तांबड्या समुद्रातील बंदरांकडे आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पोहोचे. युरोपच्या बाजारात त्यास तुर्की जिरेनियम तेल म्हणत. वास्तविक त्यात तुर्कस्तानचे काही नव्हते आणि जिरेनियमचे झाडही नव्हते. ते गुलाबाच्या महाग अत्तरात मिसळण्यासाठी वापरले जाई. बल्गेरियातील गुलाबाच्या भट्ट्यांवर तर पाकळ्या भट्टीत घालण्यापूर्वीच त्यांवर हे तेल शिंपडण्याची युक्ती निघाली होती. सातपुड्याच्या गवताने गुलाबाचे सोंग इतके बेमालूम वठविले, याचे कारण दोघांच्या वासातील मुख्य द्रव्य एकच आहे. १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. त्यास जिरॅनिऑल हे नाव मिळाले, आणि ते त्यांनी काढले ते या भारतीय गवताच्या तेलातूनच.

मोतिया आणि सोफिया

रोशाच्या दोन जाती आहेत. त्या दिसण्यात इतक्या सारख्या असतात की जाणत्या माणसासही पटकन ओळखता येत नाहीत. मोतिया ही उघड्या, निचऱ्याच्या उतारावर सुट्या सुट्या थोंबांनी वाढते आणि तिची पाने खोडापासून बरीच आडवी पसरतात. सोफिया दमट, सावलीच्या जागी दाट वाढते व तिची पाने खोडास धरून उभी राहतात. गुलाबी वासाचे तेल मोतियाचे होय. चांगल्या मोतिया तेलात जिरॅनिऑलचे प्रमाण शेकडा ७५ ते ९० पर्यंत असते. सोफियाच्या तेलात ते अल्प असते आणि वास सुंठीच्या अंगाने जातो. दोन्हींचे गवत एकाच भट्टीत गेले की मोतियाचीही किंमत जाते. गवत कापणाऱ्याने ही निवड शेतातच करावी लागते, भट्टीवर ती होत नाही.

वाळवून थोडे कोमेजलेल्या १०० किलो गवतातून सुमारे अर्धा किलो तेल मिळते. हा हिशेब लक्षात ठेवला म्हणजे आठवडी बाजारात पाण्याच्या भावाने मिळणाऱ्या 'अस्सल' तेलाविषयी निराळे सांगावे लागत नाही. भेसळीची एक साधी परीक्षा घरी करता येते. पांढऱ्या कोऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकून तो सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. शुद्ध उडनशील तेल काही तासांनी जवळजवळ सारे उडून जाते. शेंगदाणा, सरकी वा अन्य खाद्य तेल मिसळलेले असेल तर तेलकट डाग कायम राहतो. परंतु रॉकेल व टर्पेंटाइन हीदेखील उडून जाणारी असल्याने या परीक्षेत सापडत नाहीत. त्यासाठी थेंब सुकत असताना मधून मधून वास घ्यावा. गोड वासामागून रॉकेलची उग्र झाक आली तर ते तेल अंगास लावू नये.

अंगास लावण्याची रीत

कापूस वेचून, केळीचे घड वाहून किंवा दिवसभर वाकून निंदणी करून कंबर व सांधे धरतात, तेव्हा रोशाचे तेल चोळण्याचा प्रघात खानदेशात व लगतच्या निमाड भागात जुना आहे. चोळण्याने त्या जागी रक्त खेळते, ऊब येते आणि स्नायूंचा ताठरपणा तात्पुरता कमी वाटतो. नीलगिरीच्या तेलाचेही काम हेच. दोन्हीही सांध्याचा मूळ रोग बरा करीत नाहीत. सुजलेला, लाल झालेला वा तापासह दुखणारा सांधा चोळीत बसण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा.

यात सर्वसाधारण चूक होते ती तेल तसेच, काही न मिसळता लावण्याची. योग्य प्रमाण असे: औषधाच्या बाटलीवर ५ मि.ली. मापाचे टोपण असते, त्याने एक टोपण रोशाचे किंवा नीलगिरीचे तेल घेऊन पाव लिटर तिळाच्या वा शेंगदाण्याच्या तेलात मिसळावे. हे शेकडा २ चे मिश्रण होते व मोठ्या माणसास ते पुरेसे आहे. खाद्य तेल आधी कोमट करावयाचे असल्यास ते चुलीवरून उतरवून निवू द्यावे आणि मगच उडनशील तेल घालावे; ही तेले पेट घेतात, म्हणून जाळाजवळ बूच उघडू नये. मापासाठी वापरलेले टोपण पुन्हा औषध पाजण्यास घेऊ नये, ते बाटलीसच बांधून ठेवावे.

पहिल्या वेळी कोपराच्या आतल्या बाजूस थोडे मिश्रण लावून एक दिवस थांबावे. जिरॅनिऑलने काही माणसांच्या त्वचेस पुरळ व खाज उठते, हे वैद्यकशास्त्रास चांगले माहीत आहे. चेहरा, डोळ्यांचा भोवताल, जखम, भाजलेली वा सोललेली त्वचा यांवर ते लावू नये. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते वापरू नये. नायटा व गजकर्ण यांवर रोशाचे तेल लावण्याची समजूत आहे. प्रयोगशाळेत त्याने बुरशीची वाढ थांबते हे खरे, परंतु अंगावरचा नायटा त्यामुळे जाईलच असे नाही. आणि न मिसळलेल्या तेलाने आग होऊन आजाराचे मूळ रूप झाकले जाते, मग डॉक्टरांनाही निदान करणे अवघड पडते.

डासांसाठी हेच मिश्रण सायंकाळी हातापायांस लावले तर काही वेळ उपयोग होतो. तेल उडून जाते तसा परिणामही ओसरतो. रात्रभराच्या रक्षणासाठी मच्छरदाणीच हवी. विशेषतः सातपुड्याच्या पाड्यांवर, जेथे हिवतापाचा त्रास आहे, तेथे तेलाच्या भरवशावर मच्छरदाणी सोडू नये.

गोठ्यात व घरात फरशी पुसण्याच्या बादलीभर पाण्यात दहा-पंधरा थेंब टाकले तर वास स्वच्छ राहतो. जनावरांच्या अंगास मात्र हे तेल तसेच चोळू नये, आणि धार काढण्याच्या वेळी गोठ्यात ते मुळीच वापरू नये. दूध कोणताही वास चटकन ओढून घेते. नीलगिरीच्या तेलाचा आणखी एक उपयोग गृहिणींनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बैलगाडीच्या आसाचे वंगण, डांबर किंवा डिंक कपड्यास लागले असता फडक्यावर थोडे तेल घेऊन डाग पुसावा व मग साबणाने धुवावे. डाग बराच सैल होतो. याच गुणामुळे ते काही जातींचे प्लास्टिक विरघळविते, म्हणून ते काचेच्याच बाटलीत ठेवावे. उन्हाळ्यात खानदेशातील पत्र्याच्या घरात जो ताव असतो त्याने तेल लवकर बिघडते व बिघडलेले तेल त्वचेस अधिक झोंबते. गडद रंगाची बाटली, घट्ट बूच आणि थंड, काळोखी जागा, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

बांधावरची नीलगिरी व बाटलीतील नीलगिरी

१९८० नंतरच्या सामाजिक वनीकरणाच्या काळात महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी शेताच्या बांधावर नीलगिरी लागली. त्यामुळे बाटलीतील तेल त्याच झाडाचे, असा समज होणे साहजिक आहे. मैदानी भागात खांब व लगद्यासाठी लावलेली जात बहुधा मैसूर गम ही असते. तिच्या पानांत तेल थोडे व त्याचा गुणही अनिश्चित असतो. औषधी तेल देणारी निळसर पानांची जात थंड, उंच डोंगरावर वाढते. ती १८४३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातून दक्षिणेतील निलगिरी पर्वतावर आणली गेली, आणि झाडास मराठीत पर्वताचेच नाव पडले. तिच्या तेलातील मुख्य द्रव्य सिनिऑल होय. बांधावरची पाने उकळून त्यांचा काढा पिण्याची प्रथा काही घरांतून ऐकू येते; ती बंद करावी.

पडशात नीलगिरीचा वास घेतला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. पडसे त्याने लवकर जात नाही, परंतु मोठ्या माणसास तेवढा आराम पुरतो. त्यासाठी रुमालावर एक-दोन थेंब टाकून तो उशाशी ठेवणे सर्वांत सोपे. उकळत्या पाण्याचे पातेले पुढ्यात घेऊन, डोक्यावर चादर ओढून वाफारा घेण्याची रीत मुलांच्या बाबतीत धोक्याची आहे. पातेले कलंडून मांड्या व पोट भाजल्याच्या घटना सर्वत्र घडतात. दोन वर्षांखालील बालकाच्या नाकाशी, छातीवर वा झबल्यास नीलगिरी किंवा कापूर लावू नये. इतक्या लहान बालकाची श्वासनलिका तीव्र वासाने आखडू शकते.

याहून मोठा धोका असा की वासाने मूल क्षणभर शांत वाटते आणि न्यूमोनियाचा वेळ निघून जातो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने घरी पडशाने आजारी मूल पाहिले तर तेलाची चौकशी करण्यापूर्वी, मूल शांत असताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकाचे मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर मुलास विलंब न लावता आरोग्य केंद्रात न्यावे. मूल अंगावर पीत नसेल किंवा ग्लानीत असेल तर श्वास मोजण्यातही वेळ दवडू नये.

फळीवरची बाटली

ही तेले पोटात घेण्याची नाहीत. खोकल्यावर साखरेत दोन थेंब, जंतावर चमचाभर, पोटफुगीवर बेंबीत व थोडे जिभेवर, असे सल्ले गावोगाव दिले जातात. नीलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात ५ मि.ली., म्हणजे चहाचा एक चमचा, गेले तरी जिवावर बेतू शकते. त्याहून कमी प्रमाणातही झटके आल्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. प्रथम तोंड व घसा भाजल्यासारखे होते, उलटी होते, श्वासास तेलाचा वास येतो. मग मूल पेंगू लागते, चालताना झोक जातात, झटके येतात. ही लक्षणे बहुधा अर्ध्या तासातच दिसतात, कधी कधी काही तासांनी. म्हणून मूल बरे दिसते एवढ्यावरून घरी थांबू नये.

अशा वेळी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करविण्याची घाई होते. तसे कदापि करू नये. उलटीबरोबर वर आलेले तेल श्वासमार्गात शिरले तर फुप्फुसास इजा होते, आणि ही इजा पोटातील तेलाहून वाईट ठरते. दूध वा तूपही पाजू नये. मूल पेंगत असेल तर त्यास कुशीवर निजवावे, १०८ क्रमांकास कळवावे किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे, आणि तेलाची बाटली बरोबर न्यावी. बाटलीत किती तेल होते व किती उरले हे डॉक्टरांना कळले तर उपचार लवकर ठरतो.

कापूस व केळीच्या मुलखात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाच्या बाटल्या असतात. फवारणीनंतर उरलेले औषध लहान बाटलीत ओतून ठेवण्याची सवय पुष्कळांस असते, आणि ती बाटली देव्हाऱ्याजवळच्या किंवा चुलीवरच्या त्याच फळीवर जाते जेथे नीलगिरीची व खोकल्याच्या औषधाची बाटली असते. रात्री दिवे गेलेले असताना हात कोणत्या बाटलीवर पडेल याचा नेम नसतो. काही कीटकनाशकांत वापरलेल्या द्रावकांचा वासही उग्र असल्याने केवळ वासावरून खात्री होत नाही. कीटकनाशक त्याच्या मूळ डब्यातच, घराबाहेर कुलूपबंद जागी असावे. उडनशील तेलाच्या बाटलीवर शाईने ठळक अक्षरात 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असे लिहून ती मुलाच्या हाताला न लागेल अशा उंचीवर, खाद्य तेलापासून दूर ठेवावी. गृहभेटीस जाणाऱ्या कार्यकर्त्याने ही फळी एकदा स्वतः पाहावी. घरच्या माणसांना त्यात संकोच वाटत नाही. उलट कोणती बाटली कशाची, हे त्या निमित्ताने सर्वांनाच कळते.

बांधावर रोशा

रानातील रोशा कापताना वनविभागाचे नियम पाळावे लागतात. यावल अभयारण्याच्या हद्दीत परवानगीवाचून काहीही कापता येत नाही. ज्या गावांस २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथे कापणीचा निर्णय ग्रामसभेने घ्यावा आणि तुरा पिकून बी झडण्यासाठी काही थोंबे राखून ठेवावीत. गवत दरसाल बुडख्यापर्यंत ओरबाडले की रान ओसाड पडते.

लागवड करावयाची असल्यास निचऱ्याची हलकी ते मध्यम जमीन निवडावी. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत मुळे कुजतात. बी अत्यंत हलके असते, म्हणून ते वाळूत मिसळून मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर टाकावे आणि चार ते सहा आठवड्यांची रोपे पाऊस बसल्यावर लावावीत. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने तृष्णा व पीआरसी-१ हे वाण काढले आहेत. रानातील मिसळीच्या बियांपेक्षा त्यांत मोतियाची खात्री अधिक. कापणी फुले उमलल्यावर आठवडा ते दहा दिवसांनी करावी, कारण तेल मुख्यतः तुऱ्यात असते. कापलेले गवत एक दिवस सावलीत कोमेजू द्यावे, त्यामुळे भट्टीत अधिक मावते. एकदा लावलेला रोशा काही वर्षे टिकतो.

दहा-वीस थोंबांतून तेल काढण्याचा खटाटोप परवडत नाही. भट्टीसाठी पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून क्षेत्र धरावे व गिऱ्हाईक आधी पाहावे. मात्र बांधावरच्या थोंबांचा पाला आंघोळीच्या पाण्यात टाकण्यास व जुडी करून कपड्यांच्या पेटीत ठेवण्यास उपयोगी पडतो. जनावरे हे गवत आवडीने खातात. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी या गवताचे वर्णन करताना मुद्दाम नोंदविले आहे की, ते चरणाऱ्या जनावरांच्या दुधास व लोण्यास त्याचा वास लागतो. तेव्हा दुभती गाय बांधावर सोडण्यापूर्वी थोंबे कापून घ्यावीत.